लकवा झाल्यावर आधी सीटी स्कॅन, तेल नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या घडीतून एक पत्रक पडले. 'लकवा, बीपी, शुगर मुळापासून बरे. शंभर टक्के आयुर्वेदिक. गॅरंटी.' खाली फक्त मोबाइल नंबर. मी तासगाव तालुक्यात आयुर्वेदाचा दवाखाना चालवते. माझ्याच शास्त्राच्या नावावर हे छापलेले पाहून गप्प राहवले नाही. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवर खात्रीच्या इलाजाची जाहिरात करताच येत नाही, त्यांच्या यादीत लकवा, रक्तदाब आणि मधुमेह तिन्ही आहेत. तरीही पत्रके वाटली जातात, आणि लोक विश्वास ठेवतात.

विश्वास ठेवल्यावर काय होते ते मी पाहिले आहे. द्राक्षबागेत पहाटे फवारणीला उठलेल्या एका माणसाचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले. 'वारं गेलं' म्हणून घरच्यांनी तेल चोळले. दुपारी लकव्याचे औषध देणाऱ्या कुणाकडे तरी नेले. संध्याकाळी गाडी माझ्या दारात. मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही आयुर्वेदाच्या, म्हणून तुमच्याकडं आणलं." मी त्याच गाडीतून त्यांना मिरजेला पाठवले, पण गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. बीपीची गोळी त्यांनी ऐन छाटणीत सोडली होती. का, तर डोके दुखायचे थांबले होते!

बहुतेक लकव्यांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, काहींत ती फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. कोणता प्रकार आहे हे नाडी पाहून मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. त्याला सीटी स्कॅनच लागतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी वाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी नंतरही काढता येते, पण तोवर मेंदू झिजत असतो. उपचार नसेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा अंदाज आहे. म्हणून तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, एकाएकी तोल गेला किंवा दिसेनासे झाले, तर १०८ ला फोन करा आणि लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी, काढा, ॲस्पिरिन काही घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जाते, आणि आत रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढतो. दहा मिनिटांत आपोआप बरे वाटले तरी त्याच दिवशी दाखवा, कारण ती पुढच्या झटक्याची सूचना असू शकते.

मग आयुर्वेदाचे काय? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २८ वा अध्याय वातव्याधींचा आहे. वात दोन वाटांनी बिघडतो असे तिथे सांगितले आहे, धातू (म्हणजे रक्त-मांसासारखे शरीराचे घटक) क्षीण झाल्याने किंवा वाताचा मार्ग अडल्याने. कारणांत रात्रीचे जागरण, अतिश्रम आणि मलमूत्रादींचे वेग अडवणे आहे. फवारणीच्या हंगामात आमची माणसे तिन्ही करतात, वर चहा आणि तंबाखू. पक्षाघातावर, म्हणजे लकव्यावर, तेला-तुपासह स्वेदन (शेक देऊन घाम काढणे) आणि विरेचन (जुलाब देणे) सांगितले आहे. तेही मी करते, पण रुग्ण स्थिर झाल्यावर, तज्ज्ञांच्या गोळ्या चालू ठेवून, फिजिओथेरपीच्या जोडीने. सुश्रुताने तर पक्षाघाताचे साध्य, अतिशय कष्टसाध्य आणि असाध्य असे भेदच केले आहेत. ज्या शास्त्राने आपली मर्यादा स्वतः लिहून ठेवली, त्याच्या नावाने गॅरंटी विकणे मला संतापजनक वाटते.

खरा इलाज आधीच करायचा आहे आणि तो साधा आहे. लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तो बहुधा दुखत नाही, म्हणून तिशीनंतर मोजून घ्यावा, आणि १४०/९० च्या वर राहत असेल तर गोळी नियमित घ्यावी. लसणाचा क्षीरपाक, म्हणजे दुधात उकळलेला लसूण, मीही देते, पण गोळीच्या जागी नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे सगळे मिळून चहाचा एक चमचा. लोणचे, पापड, खर्डा यांतलेही त्यातच मोजा. बायकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की मिश्री सोडा. 'मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते' हे दवाखान्यात मी रोज ऐकते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. तिचे निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते आणि रक्तदाब चढवते. सासूने लावली की सून लावते, मग नात.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. अशी पत्रके अंकात घालू नयेत अशी सूचना आपण विक्रेत्यांना द्यावी. आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माणसाला रात्री दोन वाजता सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन सर्वांत जवळ कुठे मिळेल, याची तालुकावार यादी आरोग्य खात्याकडून मागवून ठळक छापावी. ती मी माझ्या दवाखान्याच्या दारावर लावेन.

आपली,
एक आयुर्वेद चिकित्सक, तासगाव तालुका, जि. सांगली