स्टार्टअप परदेशात न्यायचेत? मग आधी घरी त्यांचा माल घ्या

संपादक महोदय,

आपापल्या देशातल्या टेक स्टार्टअपना परदेशात नेण्यासाठी सरकारने पैसे द्यावेत का, हा वाद जगभर चालतो. माझं मत, द्यावेत, नक्की द्यावेत, पण ते जातात कुठे ते बघा ना. जास्त करून मेळ्यांवर. अमेरिकेत लास वेगासला दर जानेवारीत सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेकचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे युरेका पार्क म्हणून स्टार्टअपचा वेगळा विभाग असतो आणि फ्रान्स, दक्षिण कोरिया असे देश तिथे भरपूर कंपन्या घेऊन जातात, मोठा लोगो, झेंडा, मंत्री, भाषणं सगळं असतं. फ्रान्सने 2013 ला आपल्या स्टार्टअपना पुढे आणायची 'फ्रेंच टेक' मोहीम सुरू केली, नाव झालं हे खरंच. पण 2016 च्या सीईएसला तिथे जी एक संध्याकाळ साजरी झाली, फ्रान्सचे तेव्हाचे अर्थमंत्री इमॅन्युएल माक्रों आले होते, तिचा खर्च 3 लाख 80 हजार युरोच्या घरात गेला आणि कामाचं टेंडरच काढलं नाही म्हणून पुढच्या वर्षी चौकशी लागली. एका संध्याकाळसाठी एवढे पैसे! त्यातून किती कंपन्यांना गिऱ्हाईक मिळालं?

मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सेल्स बघतो म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय. स्टॉलवर दोनशे व्हिजिटिंग कार्ड जमतात हो, पण परदेशातला मोठा ग्राहक सही करेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं आणि पहिल्या मीटिंगलाच तो विचारतो की तुमच्या देशात हे कोण वापरतं, तुमचं सरकार वापरतं का. इथेच गाडी अडते. कारण सरकारी टेंडरमधे मागच्या तीन वर्षांची उलाढाल मागतात, तसल्याच कामाचा अनुभव मागतात, दोन वर्षांची कंपनी ते आणणार कुठून? म्हणजे सरकार बाहेर जाऊन सांगणार की आमच्या कंपन्या लय भारी आणि स्वतः मात्र त्यांच्याकडून काहीच घेणार नाही.

एस्टोनियाने उलटं केलं. सरकारी खात्यांनी एकमेकांना डेटा द्यायची एक्स-रोड नावाची सिस्टीम 2001 पासून आधी स्वतः वापरली, पुढे शेजारच्या फिनलंडने तीच घेतली आणि 2017 मधे दोघांनी मिळून तिच्यासाठी एक संस्थाच काढली. ती बनवण्यात असलेली सायबरनेटिका कंपनी आज बाहेरच्या देशांची कामं करते. घरातला चालू पुरावा दाखवता आला की स्टॉल छोटा असला तरी भागतं.

दुसरं उदाहरण इस्रायलचं, मला सगळ्यात पटणारं. 1977 मधे अमेरिका आणि इस्रायलने मिळून बर्ड फाउंडेशन काढलं. एक कंपनी इकडची, एक तिकडची, दोघींनी मिळूनच अर्ज करायचा, प्रॉडक्ट बनवायचा निम्म्यापर्यंत खर्च फाउंडेशन देतं, विक्री झाली तर त्यातून परत करायचा, फसलं तर परत मागत नाहीत. यात परदेशी पार्टनर पहिल्या दिवसापासून स्वतःचे पैसे घालून बसलेला असतो, मग नंतर त्याला पटवत फिरायची गरजच उरत नाही.

बाकी ज्या खर्चांचा फोटो निघत नाही तिथेही मदत हवी. माहिती सुरक्षित ठेवण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 27001, त्याचं ऑडिट, युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याची पूर्तता, तिथल्या कायद्याने करार तपासणारा वकील, हे नसेल तर ग्राहकाचं खरेदी खातं फाईल पुढेच सरकवत नाही. आणि दूतावासात टेकचं काम बघणारा माणूस जरा ओळखी जमल्या की बदलून जातो, त्याला निदान पाच वर्षं तरी एका जागी ठेवा.

मेळे बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त सरकारी खर्चाने जी कंपनी गेली तिला वर्षभराने किती सह्या मिळाल्या, किती पैसे खरंच खात्यात आले, हे संबंधित खात्याने नावानिशी जाहीर करावं. खात्याने नाही केलं तर तुमच्या बातमीदारांनी त्या कंपन्यांना फोन करून विचारावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक