कंबरदुखीच्या गोळ्यांत गेलेली दोन वर्षं

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. माझ्या मोठ्या बाबांची कंबर दोन वर्षं दुखत होती. तुरीचं पोतं उचललं अन् उसण भरली, असं ते सांगायचे. रात्री चार-चारदा लघवीला उठायचे, तर मोठी आई म्हणायची, "म्हाताऱ्या मानसाले होतेच असं." दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, इंजेक्शनं मिळाली, कंबरेचा पट्टाही मिळाला. रक्ताची पीएसए तपासणी, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतल्या एका प्रथिनाची मोजणी, झाली ती थेट नागपूरला. साधारण ४च्या आत असायचा तो आकडा ३००च्या पुढे निघाला. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात उतरला होता.

वर्गात जनुकं शिकवतो म्हणून यातली एक गोष्ट मला जास्त टोचते. गाठीतल्या पेशी सुटून हाडांकडे निघतात, तेव्हा जनुक बिघडलेलंच असतं असं नाही. कित्येकदा ते धड असतं, नुसतं बंद केलेलं. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, रिळावरच्या सुतासारखा. ईझेडएच२ हे एन्झाइम एच३ नावाच्या हिस्टोनच्या २७व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर मिथाइलची, म्हणजे एक छोटी रासायनिक, खूण लावतं. तिथलं सूत आवळतं आणि जनुक वाचलंच जात नाही. ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. त्याचं जनुकही असं बंद पडू शकतं. मग पेशी सुटायला मोकळ्या. पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात हे एन्झाइम जागेवरच्या गाठीपेक्षा जास्त असतं, हे मिशिगन विद्यापीठातल्या अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने २००२ साली दाखवलं.

लावलेली खूण पुसता येते, ही त्यातली आशा. ईझेडएच२ला अडवणारं टॅझेमेटोस्टॅट हे औषध अमेरिकेत २०२०मध्ये मंजूर झालं, पण ते दुसऱ्याच दोन कर्करोगांसाठी, एका विरळ सार्कोमासाठी आणि एका लिम्फोमासाठी. प्रोस्टेटसाठी अशा औषधांच्या चाचण्या चालू आहेत. ती आमच्या तालुक्यात कधी पोहोचतील, हे मी तुम्हाला विचारत नाही.

माझं मागणं त्याहून फार लहान आहे. सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे. त्यात सरसकट प्रोस्टेट घाला, असं मी म्हणणार नाही. कर्करोग नसतानाही, नुसती ग्रंथी वाढली तरी पीएसए चढतो आणि नको त्या बायॉप्स्या (तुकडा काढून तपासण्या) होतात. डॉक्टरांतच यावर वाद आहेत. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची कंबर महिनोन्महिने दुखत असेल आणि लघवीचीही तक्रार असेल, तर त्याचं नळीभर रक्त ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला जाऊ द्या. आणि "लघवी कशी होते?" हे डॉक्टरांनी आपणहून विचारावं. आमची माणसं सांगत नाहीत हो, लेकीच्या वयाच्या सिस्टरसमोर तर नाहीच नाही.

वृषणं काढली की हा कर्करोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१मध्येच दाखवलं. मोठ्या बाबांची तीच शस्त्रक्रिया झाली. दुखणं उतरलं, काठी टेकत वावराच्या धुऱ्यापर्यंत जातात. रोग पुढे या उपायालाही जुमानेनासा होतो, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मोठ्या बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

आदेश मृगाआधी निघावा. पेरणी लागली की आमच्याकडे कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

आपला,
एक शिक्षक, जि. यवतमाळ