1760 सालचे म्हणून विकलेल्या पेल्यांबाबत तक्रार

पुणे
दिनांक : 9 जून 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुन्या काचेच्या पेल्यांचे वय चुकीचे सांगून केलेली विक्री, पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मे महिन्यात मी आपल्याकडून पायाचे चार पेले आणि एक बिअरचा ग्लास 18,400 रुपयांना घेतला. सोबतच्या प्रमाणपत्रावर पेल्यांपुढे ‘इंग्लंड, सुमारे 1760, फुंकून घडवलेले’ आणि ग्लासपुढे ‘राणी व्हिक्टोरियाचा काळ’ असे लिहून आपला शिक्का मारला आहे. दोन्ही नोंदी चुकीच्या आहेत. वस्तू उलटी करून पाहिली असती तर आपल्यालाही ते दिसले असते.

आधी पेल्यांचे सांगतो. चारही पेल्यांवर सारख्या अंतरावर तीन बारीक उभ्या रेघा नखाला लागतात. आपल्या प्रतिनिधींनी फोनवर त्यांना ‘काचेतला नैसर्गिक दोष’ म्हटले. दोष चारही पेल्यांवर नेमका त्याच तीन जागी कसा येईल? त्या साच्याच्या सांध्यांच्या रेघा आहेत. साच्यात यंत्राने काच दाबून भांडी काढणे अमेरिकेत 1820 च्या दशकात सुरू झाले, इंग्लंडमध्ये ते त्यानंतर रुळले. 1760 चा पेला कारागीर फुंकत असे. तोंड कात्रीने कापून सारखे करताना पेला बुडाकडून लोखंडी सळईला चिकटवलेला असे. सळई तोडली की पायाच्या मधोमध खरखरीत वण राही, आणि तो टेबलाला लागू नये म्हणून पाया मध्ये उचललेला असे. या पेल्यांचे पाय सपाट आहेत. वण नाही, तो घासून काढल्याची खूणही नाही.

टिचकी मारल्यावर नाद येतो म्हणून पेले जुने, असेही मला सांगण्यात आले. नाद शिशाच्या काचेला येतो, आणि अशी काच इंग्लंडमध्ये 1670 च्या दशकापासून होत आली आहे. त्यावरून शतक ठरवता येत नाही.

इथवर आपण कदाचित मतभेद म्हणाल. पण एका पेल्याच्या बुडाशी उठावाची, हिऱ्याच्या आकाराची खूण आहे. ब्रिटनमध्ये नक्षीची सरकारदरबारी नोंद झाली की 1842 ते 1883 या काळात ही खूण देत. माथ्यावरच्या वर्तुळात रोमन तीन आहे, म्हणजे काचवस्तूंचा वर्ग. उजव्या कोपऱ्यात ‘यू’ आणि खालच्या कोपऱ्यात ‘आर’ आहे. 1868 नंतरच्या मांडणीत वर्षाचे अक्षर उजवीकडे आणि महिन्याचे खाली असते. त्याप्रमाणे ही नोंद ऑगस्ट 1874 ची. (‘यू’ वरच्या कोपऱ्यात असता तर साल 1848 निघाले असते. कसेही वाचले तरी 1760 निघत नाही.) ही नक्षीच्या नोंदणीची तारीख आहे, पेला त्यानंतरही निघालेला असू शकतो. त्याआधीचा मात्र नाही.

बिअरच्या ग्लासवर मापाच्या तपासणीचा शिक्का आहे : मुकुट, ‘जीआर’ (जॉर्ज राजाची लॅटिन आद्याक्षरे) आणि तपासणी कार्यालयाचा क्रमांक. व्हिक्टोरियाच्या काळात तिथे तिची, ‘व्हीआर’, असतात. हे क्रमांक 1870 च्या दशकाच्या अखेरीस आले, त्यामुळे हा ‘जीआर’ त्यानंतर गादीवर आलेल्या पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जचाच, म्हणजे 1910 ते 1952 मधला.

1874 च्या नक्षीचे पेले म्हणून दाखवले असते तर मी ते योग्य किमतीला आनंदाने घेतले असते. ती काच सुंदर आहे, तिची तारीख तिच्या अंगावर आहे, असे भाग्य फार थोड्या जुन्या वस्तूंना लाभते. आपण तीच तारीख पुसून शंभरहून अधिक वर्षे मागची चिकटवली, याचे मला पैशांहून जास्त वाईट वाटते. आमच्या घरी दोन पेले आहेत. 1908 साली तळेगावला निघालेल्या पैसा फंड काच कारखान्याचे म्हणून आई ते जपायची. त्यांच्यावर एकही खूण नाही, म्हणून मी तसे कुणाला कधी लिहून दिलेले नाही. आपण लिहून दिलेत, तेही शिक्क्यासह.

आणखी एक. पेल्यांच्या पायाखालचे ओरखडे सगळे एकाच दिशेने गेले आहेत. वर्षानुवर्षे टेबलावर सरकलेल्या पेल्याचे ओरखडे वाटेल तसे पडतात. हे कोणी केले, मला ठाऊक नाही. आपण चौकशी करून लेखी कळवावे.

पाचही वस्तू आपल्या खर्चाने परत न्याव्यात आणि 18,400 रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. याच वर्णनाचे आणखी पेले आपल्याकडे आजही विक्रीला आहेत, त्यांचे वर्णन लगेच दुरुस्त करावे. ‘जुनी वस्तू परत घेत नाही’ ही अट इथे लागू होत नाही. मी वस्तू जुनी असल्याची तक्रार करत नसून वर्णन खोटे असल्याची करतो आहे. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

रेघा, बूड आणि दोन्ही शिक्क्यांची छायाचित्रे, पावती आणि प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक