सहलीचं ठिकाण गुपित ठेवा, पण पायऱ्या आधी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी 77 वर्षांचा निवृत्त एसटी वाहक. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, त्याच वर्षीचा माझा जन्म. 1971 मध्ये खाकी अंगावर चढवली, 2006 मध्ये उतरवली. त्यातली बरीच वर्षं स्वारगेट–महाबळेश्वर मार्गावर गेली. पत्नी गेल्यावर मी पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासात राहायला आलो, त्याला आता चार वर्षं झाली. हे पत्र आमच्या एका दिवसाच्या सहलीबद्दल आहे. आपण ते छापावं ही विनंती, कारण अशा सहली आता बऱ्याच ठिकाणी निघतात.

संक्रांत झाल्यानंतरच्या गुरुवारी सकाळचा चहा सुरू होता. व्यवस्थापक ताई आल्या आणि म्हणाल्या, "स्वेटर घाला, कानटोप्या घ्या, साडेसातला गाडी फाटकाशी उभी राहील. कुठे जायचंय ते मात्र विचारायचं नाही." आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग एकदम धांदल उडाली. कुणी कवळी शोधतंय, कुणी चांगलं लुगडं काढतंय, आमचे निवृत्त मास्तर दाढी करायला धावले.

गुपित ठेवण्यामागे ताईंचा विचार होता. आदल्या वर्षी आळंदीच्या सहलीची सूचना पंधरा दिवस आधी फळ्यावर लावली होती. सव्वीस नावं आली आणि निघायच्या दिवशी उरले नऊ जण. एकाचा गुडघा धरला, दुसऱ्याची मुलगी फोनवर म्हणाली "बाबा, कशाला दगदग", आणि बाकीच्यांना वाटलं, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको. म्हाताऱ्या माणसाला नको म्हणायला फक्त एक रात्र पुरते. अंथरुणावर पडलं की शंका सुरू होतात. या वेळी ती रात्रच मिळाली नाही, म्हणून एकेचाळीसपैकी चौतीस जण गाडीत बसले. ताईंनी घरच्यांना आधीच फोन करून ठेवले होते. मावश्यांनी प्रत्येकाच्या दुपारच्या गोळ्या नाव घालून पुड्यांत बांधल्या होत्या. त्यांच्या कामात मला कुठेही खोट काढायची नाही.

मी दरवाजाजवळची जागा धरली. सवय जात नाही. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर पैजा सुरू झाल्या. खेड शिवापूर मागे पडलं तेव्हा मास्तर म्हणाले, कापूरहोळला डावीकडे वळली तर नारायणपूर नाहीतर केतकावळ्याचा बालाजी, उजवीकडे वळली तर भोर. गाडी सरळ गेली. नीरा ओलांडली, शिरवळ गेलं, खंडाळा गेलं आणि खंबाटकी लागला. त्या घाटात मी हजारो वेळा उभ्याने तिकिटं फाडली आहेत. इंजिनाचा आवाज खाली उतरला की कुठलं वळण आलं हे मला डोळे मिटून सांगता येतं. त्या दिवशी मी ते मोठ्याने सांगत होतो आणि सगळे ऐकत होते. वीस वर्षांनी मला असं वाटलं की गाडी माझ्या ताब्यात आहे.

घाट उतरून सुरूरला आलो आणि चालकाने उजवीकडचा इंडिकेटर दिला. माझ्या मागच्या बाकावर आमच्या एक आजी बसल्या होत्या, वय 83. माहेर वाईचं, गणपती आळीतलं. लग्न होऊन मुंबईला गेल्या, पुढे भाऊ वारला, घर विकलं गेलं, आणि गेली बावीस वर्षं त्यांचं वाईला जाणं झालं नव्हतं. कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवात घाटावर प्रसादाची पंगत कशी बसायची, लहानपणी त्यांनी परकराच्या ओच्यात शेंगा कशा भरून आणल्या, हे आम्हाला जेवणाच्या टेबलावर ऐकून ऐकून पाठ झालं होतं. रस्त्याकडेची वडाची जुनी झाडं दिसायला लागली तशा त्या बोलायच्या थांबल्या. पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरून काचेतून बघत राहिल्या. वाई येईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. ताईंनी वाईच का निवडलं ते तेव्हा आम्हाला कळलं.

ढोल्या गणपतीचं दर्शन झालं. गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेलं हे देऊळ. पुराचं पाणी दुभागून जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, हे मास्तरांनी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. मग आजी म्हणाल्या, "मला पाण्यात पाय बुडवायचेत."

देवळापासून पाण्यापर्यंत घाटाच्या दगडी पायऱ्या आहेत. झिजून गुळगुळीत झालेल्या, काही ठिकाणी ओल्या. धरायला काही नाही. आजी चार पायऱ्या उतरल्या, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला मावशी. पाचव्या पायरीवर त्यांचा पाय थरथरायला लागला. माझेही थरथरत होते, खोटं कशाला सांगू. त्या तिथेच बसल्या. पाणी समोर दिसत होतं, आवाज येत होता, आणि मध्ये सात-आठ पायऱ्या होत्या. खाली एक शाळकरी मुलगा पोहून अंग पुसत उभा होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्याने आपली पाण्याची बाटली नदीत भरली, वर आला, खाली बसला आणि आजींच्या पायांवर सावकाश ओतली. मग पुन्हा गेला, पुन्हा भरून आणली. असा तीनदा. आजींनी तेच पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. त्या मुलाला त्यांनी तिळाचा लाडू दिला, बटव्यातला, कागदात गुंडाळलेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं याची मला रुखरुख आहे.

जुन्या घाटाला हात लावा असं मी म्हणणार नाही. दगड आहे तसाच राहू दे. पण एका कडेला, पायऱ्यांत न ठोकता, पावसाळ्यात उचलून ठेवता येईल अशी पोलादी दांडी उभी करता येते. तेवढी असती तर आजी स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत गेल्या असत्या. वाईतच नव्हे, जिथे जिथे नदीकाठी घाट आहे तिथे देवस्थानांनी आणि नगरपालिकांनी याचा विचार करावा.

पुढे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा पाहिला. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर तिकडून आणलेली मोठी घंटाही पाहिली. जेवायला भाकरी, भरली वांगी, खर्डा, दही असं होतं, आणि कधी नव्हे ते सगळ्यांनी पोटभर खाल्लं. परतीच्या वाटेवर मात्र त्याच आजींना चक्कर आली. बोलता बोलता मान एका बाजूला कलली, हात गार पडले. आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, त्यांनी नाडी पाहिली, पाय वर घेतले, लिंबू-साखर-मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी आजी सावरल्या. मग कळलं, सकाळच्या चहानंतर त्यांनी पाण्याचा घोटच घेतला नव्हता. परिचारिकाबाई रागावल्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि जायचं कुठे?"

संपादक महाशय, हे वाक्य मी पस्तीस वर्षं एसटीत बघत आलो, ऐकलं मात्र त्या दिवशी. सकाळी महामार्गावरच्या ज्या हॉटेलात नाष्ट्याला थांबलो, तिथलं शौचालय मागच्या बाजूला, तीन पायऱ्या चढून. आत ओली फरशी, खाली बसायचंच भांडं, उठताना धरायला नळाशिवाय काही नाही. आमच्या बायकांपैकी बऱ्याच जणी दारातूनच परतल्या आणि त्यांनी दिवसभर तोंड कोरडं ठेवलं. गुडघे बदललेल्या किंवा ऐंशी पार केलेल्या माणसाला तिथे जाणं म्हणजे पडायला जाणं. एक कमोड, भिंतीला दोन आडव्या दांड्या आणि कोरडी फरशी, यासाठी हॉटेलवाल्याला फार मोठा खर्च येत नाही. चौतीस माणसं नाष्टा करून जातात, तेवढ्या धंद्याकडे बघून तरी हे व्हावं.

गाडीचंही तेच. आम्ही भाड्याने घेतलेल्या खासगी बसची पहिली पायरी जमिनीपासून दोन वितींहून उंच होती. चालक भला माणूस, त्याने पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट पालथा घालून दिला, पण तो सरकत होता. दिवसभरात प्रत्येक जण पाच-सहा वेळा चढला-उतरला असेल. चौतीस माणसं चढायला प्रत्येक वेळी पाव तास लागला. चालकाने एकदाही घाई केली नाही. मी मात्र नोकरीत असताना किती म्हाताऱ्या माणसांना "आटपा, आजी, आटपा" म्हणून डबल बेल दिली आहे, ते मला त्या दरवाजात उभं राहून आठवत होतं. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. निघण्याआधी खाली लाकडी चौरंग ठेवावा आणि कुणालाही धरता येईल अशी दांडी दरवाजाला असावी, एवढं भाड्याच्या गाड्यांकडून मागायला हवं.

एसटीबद्दल एक सूचना आहे. ऑगस्ट 2022 पासून 75 पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट आहे. या सवलतीने किती म्हातारी माणसं लेकीकडे, भावाकडे जाऊन आली ते मी स्टँडवर डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळांच्या सहलींनाही करारावरची एसटी अर्ध्या दरात मिळते. तसाच दर वृद्धाश्रमांच्या आणि ज्येष्ठ निवासांच्या सहलींना द्यावा. आम्ही प्रत्येकी सहाशे रुपये काढले. तिघांना तेही जमत नव्हतं, त्यांचं ताईंनी कुणाला न कळू देता भागवलं. आठवड्यातल्या मधल्या वारी, शाळा-कॉलेजांची गर्दी नसलेल्या दिवशी आम्ही जाऊ. आम्हाला सुट्ट्यांची अडचण नाही.

इतर निवास चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सहल जरूर काढा, आणि ठिकाणही जरूर लपवा. पण कुठे कुठे थांबणार, तिथे शौचालय कसं आहे, पायऱ्या किती आहेत, हे आधी एका माणसाने प्रत्यक्ष जाऊन बघावं आणि निघताना गाडीत सगळ्यांना सांगावं. "दीड तासाने थांबू, तिथे कमोड आहे" एवढं कळलं तरी माणूस पाणी पितो.

आजी आता ठणठणीत आहेत. ताईंनी पुढची सहल मार्चमध्ये, ऊन तापायच्या आत काढायचं ठरवलंय. ठिकाण फक्त त्यांना आणि मला माहीत आहे, कारण आधी जाऊन बघायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे. पुढच्या मंगळवारी सकाळच्या एसटीने निघतोय. आधार कार्ड, जेवणाचा डबा आणि शिंप्याकडून मागून आणलेली मोजपट्टी पिशवीत भरून ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, पुणे