कुन्नूरच्या ऱ्होडोडेंड्रॉनसाठी सोलापुरातून पत्र

सोलापूर,
१४ मे

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या कुन्नूरच्या बागेतल्या ऱ्होडोडेंड्रॉनचे, त्या डोंगरी फुलझाडांचे, फोटो मिळाले. मोठे करून एकेक पान बघितलं. कोवळी पानं पिवळी, त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, आणि खालची जुनी पानं अजून बरी दिसतात. फाटकाजवळची दोन झाडं धडधाकट आहेत, नव्या भिंतीलगतची दोन आजारी. खत कमी पडतंय असं कुणी सांगितलं म्हणून तू शेणखताच्या पाट्या ओतल्यास. ते आधी थांबव. हे पत्र पूर्ण वाच आणि मगच खुरपं हातात घे.

हा आजार मी नोकरीभर बघत आलोय, फक्त झाड वेगळं होतं. मोहोळ, माढा, पंढरपूरकडचे शेतकरी उसाचं नाहीतर भुईमुगाचं पान घेऊन माती परीक्षणाला यायचे, “केवडा पडलाय साहेब” म्हणायचे. चित्र हेच. झाड जुन्या पानांतलं लोह काढून नव्या पानांना देऊ शकत नाही, म्हणून लोहाची टंचाई झाली की शेंडा आधी पिवळा पडतो. नत्र कमी पडलं असतं तर उलट झालं असतं, खालची पानं आधी गेली असती. तुझ्या फोटोत खालची पानं शाबूत आहेत. मला तेवढं पुरे आहे.

आता तू विचारशील, मातीत लोह नाही का? आपल्या काळ्या मातीत लोहाला काय तोटा! बेसाल्टपासून झालेली माती ती. पण तिचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर आणि पोटात चुनखडी. हा आकडा जितका कमी तितकी माती आंबट. अशा मातीत लोह असून विरघळत नाही, आणि न विरघळलेलं लोह मुळांच्या कामाचं नाही. ज्वारी हे सोसते, बोर सोसतं, डाळिंबही बऱ्यापैकी सोसतं. ऱ्होडोडेंड्रॉनला ते अजिबात सोसत नाही. त्याला साडेचार ते सहा सामूची आंबट माती लागते. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, म्हणजे पाच आणि आठमध्ये आम्लता हजारपटीने वेगळी. तुझ्या घराभोवती चहाचे मळे आहेत ना? चहालाही अशीच माती लागते. म्हणजे कुन्नूरच्या जमिनीत दोष नाही. दोष त्या भिंतीत आहे, शिरीष. गवंड्यांनी सिमेंटचा राडारोडा तिथेच पुरला असणार. प्लास्टरवरून पावसाचं पाणी उतरतं आणि चुना मुळाशी नेतं. तू नकळत दोन झाडांसाठी सोलापूरची जमीन करून ठेवलीस.

खात्री करून घे. भिंतीजवळची चिमूटभर सुकी माती बशीत घे, तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाक आणि कान जवळ ने. चरचरली, बुडबुडे आले तर चुना आहे. फाटकाजवळच्या मातीचंही तसंच करून बघ, म्हणजे फरक कळेल.

चुना निघाला तर गंधक टाकायच्या भानगडीत पडू नकोस. गंधक माती आंबट करतं हे खरं, मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि त्याला काही महिने लागतात. पण मातीत मोकळा चुना असला की ते सगळं आम्ल आधी चुनाच खातो, आणि भिंत दर पावसात नवा चुना देतच राहणार. झाडंच हलव. हे ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल, पण या जातीची मुळं केसासारखी बारीक आणि उथळ असतात, वरच्या वीतभर मातीतच पसरलेली, त्यामुळे मोठं झाडही मुळांच्या गड्ड्यासकट उचलता येतं. जूनमध्ये ढगाळ, पावसाळी दिवस बघ. खोल खणू नकोस, रुंद खण. गड्डा पोत्यावर घेऊन सरकवत ने.

आणि आता लावताना आपली सवय विसर. हे मी कळकळीने सांगतोय, कारण फोटोत मला तुझं आळं दिसलं. आपल्याकडे साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणून आपण खोल खड्डा घेतो, आळं करतो, खोडाला माती चढवतो, थेंबही वाया जाऊ देत नाही. तिथे तेच झाडाच्या जिवावर उठेल. मुळांना ओल हवी आणि हवाही हवी. झाड जमिनीपेक्षा दोन-तीन बोटं उंच, उंचवट्यावर बसव. खोडाचा बुंधा उघडा दिसला पाहिजे. पाणी साचलं की मुळं कुजवणारी बुरशी येते, पानं मलूल होऊन लोंबतात, आणि माणूस तहान लागली समजून आणखी पाणी घालतो. माती ओली असताना पानं लोंबत असतील तर पाणी अजिबात घालायचं नाही, हे वहिनींनाही सांगून ठेव. चुलीची राख आणि हाडांचा चुराही या झाडांना वर्ज्य.

खाली पाल्याचं आच्छादन दे. चहाच्या मळ्यातला सिल्व्हर ओकचा पाला, पाइनच्या सुया, जे मिळेल ते तीन-चार बोटं जाड पसर, बुंध्यापासून थोडं लांब. त्याने मुळं थंड राहतात, तण येत नाही आणि खुरपणीची गरजच उरत नाही. खुरपणी करायचीच नाही. तुझं खुरपं त्या बारीक मुळांना रोज तोडतंय. या मुळांत एक खास बुरशी मुक्कामाला असते, ती आंबट मातीतून झाडाला अन्न मिळवून देते. ती जपायची तर मातीला हात न लावणं हेच बरं.

झाडं नव्या जागी रुजेपर्यंत पिवळेपणावर तात्पुरता इलाज म्हणून हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी कर, लिटरला दोन-तीन ग्रॅम, संध्याकाळी, आणि आधी एकाच फांदीवर करून बघ, कारण जास्त झाली तर पानं करपतात. दुकानदार चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून बांधून ठेवलेलं लोह, देईल तर पुडीवर ईडीडीएचए लिहिलंय का ते बघ. ईडीटीएवालं चुनखडीच्या मातीत फारसं टिकत नाही. खत द्यायचंच तर फुलं येऊन गेल्यावर अमोनियम सल्फेट, तेही अगदी थोडं.

वहिनींनी विचारलं होतं की यंदा फुलं कमी का. त्यांना सांग, फुलांचा बहर सरला की वाळलेले झुबके बोटांनी मोडून काढायचे, कात्रीने नको, कारण लगेच खाली नवे कोंब असतात. झाडाची ताकद बी धरण्यात जात नाही. आणि छाटणी करायची असेल तर तीही तेव्हाच. पुढच्या वर्षाच्या कळ्या त्यानंतरच्या महिन्यांतच तयार होतात. तू थंडीत कात्री चालवलीस म्हणजे कळ्याच कापल्यास.

पानावर चंदेरी ठिपके आणि खालच्या बाजूला काळे डाग दिसले तर लेस बग नावाचा किडा असतो, तो उन्हातल्या झाडांवर जास्त येतो. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धू. बहुतेक तेवढ्याने भागतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. या झाडांची पानं, फुलं, अगदी मधसुद्धा विषारी असू शकतो. छाटलेल्या फांद्या शेजाऱ्यांच्या शेळ्यांपुढे टाकू नकोस, शेळ्या आजारी पडतात. उत्तराखंडात बुरांसच्या, म्हणजे तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या, पाकळ्यांचं सरबत करतात हे तू ऐकलं असशील, पण ते तिथल्या जंगली लाल फुलांचं. बागेतल्या संकरित झाडाचं फूल नातीला चोखू देऊ नकोस.

काय बे शिऱ्या, या उन्हात मला तुझ्या धुक्याचा हेवा वाटतो हे खरं! पारा बेचाळीसच्या वर आहे, माझी जास्वंद दुपारी मान टाकते. तुला तिथे ती झाडं लाभलीत, ती जगलीच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. निलगिरीच्या शोलांत, म्हणजे तिथल्या उंचावरच्या रानांत, याच कुळातलं झाड आपसूक वाढतं, म्हणजे हवा तर तुझ्या बाजूची आहे.

आता एवढं कर. भिंतीजवळची आणि फाटकाजवळची माती वेगवेगळी घे. झाडाच्या घेराच्या कडेवरून, पाच-सहा ठिकाणची, वीतभर खोलीपर्यंतची, एकत्र करून अर्धा किलो. सावलीत वाळव, उन्हात नको. दोन कापडी पिशव्यांत भर आणि कुठली कुठली ते चिठ्ठीवर लिहून आत टाक. पार्सल माझ्या पत्त्यावर कर, सामू आणि चुनखडी मी इथे तपासून घेतो. आकडे हाती आल्यावर फोनवर बोलू. तोवर आळं मोडून टाक.

वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुझा,
दत्ता