पुण्याच्या तांबट आळीतल्या काकांना

ति. काका,
सा. नमस्कार वि. वि.

तुमच्याकडे दुरुस्त झालेलं घंगाळ, ते पाण्याचं तांब्याचं मोठं भांडं, घरी येऊन आठवडा झाला. आत तुम्ही सुरळी करून ठेवलेला कागद मात्र अजून रोज बघितला जातो, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण जुन्या बाजारातून तांब्या-पितळेची भांडी आणून घर सजवणारे आता पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांना तुमच्यासारखा कारागीर भेटण्याआधी मशीनवर घासून चकाकी देणारा बफिंगवाला भेटतो.

तुमच्याकडे येण्याआधी ते घंगाळ तीन हातांतून गेलं होतं. पहिल्याने बुडाच्या चिरेवर एपॉक्सी, म्हणजे कडक होणारा डिंकासारखा लेप, थापलं. गरम पाणी ओतलं की तांबं पसरतं, वरचा लेप त्याच्याबरोबर तेवढाच पसरत नाही, आणि चार वेळा तापून-निवून झाल्यावर पापुद्रा सुटतो. तसाच तो सुटला. दुसऱ्याने निखळलेली कडी लोखंडी नट-बोल्टने बसवली. ओलाव्यात तांब्याला टेकलेलं लोखंड फार लवकर गंजतं, त्यामुळे कडीखाली तांबूस ओघळ उतरले आणि भोक मोठं झालं. तिसरा म्हणाला, मोडीत घाला; नाहीतर मशीनवर धरतो, आरशासारखं करून देतो, वर लॅकरचा पारदर्शक थर मारतो. काठाखाली नाव आहे हे दाखवल्यावर त्याचं उत्तर होतं, “जाईल ते. बरंच आहे की, दुसऱ्याचं नाव कशाला ठेवता?”

हे शेवटचं वाक्य अजून खुपतं. नाव असलेलं भांडं खपत नाही म्हणून काही दुकानदार मांडण्याआधीच ते घासून काढतात. वास्तविक त्या भांड्यात आता बाजारभावाने विकत घेता न येणारी तेवढी एकच गोष्ट उरलेली असते. तांबं किलोवर मिळतं. आंदणात लेकीला दिलेलं घंगाळ, कोणी कोणाला दिलं ते छिन्नीने ठिपका-ठिपका ठोकून लिहिलेलं, हे किलोवर मिळत नाही.

तुम्ही घंगाळ हातात घेतलं, उजेडाकडे तिरकं धरलं आणि चीर बघायच्या आधी नाव वाचलंत. मग खडू मागितलात. बाहेरून बुडाला खडू फासून आत पाणी भरलं, तेव्हा चीर दिसते त्याहून दोन बोटं लांब आहे हे कळलं: खडू जिथपर्यंत ओला होऊन काळवंडला तिथपर्यंत ती गेलेली होती. गळती शोधायची याहून सोपी रीत नाही. सुक्या वर्तमानपत्रावर भांडं रात्रभर ठेवलं तर गळतं की नाही एवढंच समजतं, कुठून ते समजत नाही.

पुढचं काम नावाच्या दृष्टीने धोक्याचं होतं, आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. शिसं-कथलाची झाळ कमी आचेवर बसते, पण लाल तांब्यावर ती पांढरी रेघ कायम दिसते, तापलेल्या पाण्याला ती भरवशाची नाही आणि शिशामुळे ते पाणी वापरायच्या लायकीचं राहत नाही. म्हणून टाकणखार (सांध्याची जागा स्वच्छ ठेवणारा क्षार) लावून पितळेचा डाख, म्हणजे पितळ वितळवून घातलेला सांधा. त्यासाठी तांबं लालसर होईपर्यंत तापवावं लागतं. त्याआधी जुन्या एपॉक्सीचा कण न् कण खरवडून काढायचा. जरा जरी राहिला तरी जळून काजळी धरते आणि डाख त्या जागेवरून पाण्यासारखा सरकतो. तापलेलं तांबं मऊ पडतं, त्यावर काळी खपली चढते. खपली आंबवणीत (आंबट पाण्यात) उतरवायची आणि मऊ पडलेला पत्रा ऐरणीवर हातोडीचे जवळजवळ ठोके देत पुन्हा मठारायचा, म्हणजे त्याला कडकपणा परत येतो. मठारकामाचे ते गोल ठसे लोक नक्षी समजतात. मुळात ते ताकदीसाठी आहेत. आच, आंबवणी, हातोडी. ठिपक्यांनी लिहिलेल्या झिजक्या अक्षरांना यातलं काहीही पुसू शकलं असतं.

तो कागद तुम्ही भाता सुरू करायच्या आधी काढलात. कॅलेंडरचं पातळ पान, मागची कोरी बाजू वर, दोन्हीकडून चिकटपट्टीने ताणून बसवलेलं, त्यावर मऊ पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने फिरवलेली. काळ्या पट्टीत अक्षरं पांढरी उमटली. कोणी सांगितलं नव्हतं. बिलात तो नाही. “काही झालंच तर निदान कागदावर राहील,” एवढंच तुम्ही म्हणालात आणि पान गणपतीच्या तसबिरीमागे खोचलंत.

त्या पानाने जे दाखवलं ते डोळ्यांनी दिसलंच नव्हतं. नावानंतर आणखी एक झिजलेला शब्द आणि आकडे होते: शके १८७०. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९४८, आणि पुढचा गुढीपाडवा येईपर्यंतचं १९४९. एवढ्या वर्षांचं भांडं आहे असा अंदाज कोणाला नव्हता. नाव इथे लिहीत नाही. ते त्या घरचं आहे.

चीर बुडाला, नाव काठाखाली, म्हणून तुम्ही नावाची बाजू ओल्या फडक्याने गुंडाळून आच खालीच ठेवलीत आणि अक्षरांच्या चार बोटं अलीकडे हातोडी थांबवलीत. तेवढा पट्टा आता इतर भांड्यापेक्षा गडद आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, इथे पॉलिश राहिलं का? राहिलं नाही, ठेवलं आहे. कडीला तांब्याचे ४ मिलिमीटर जाडीचे रिव्हेट घातलेत, बाहेर साधारण ६ मिलिमीटर टोक सोडून, म्हणजे जाडीच्या दीडपट. त्याहून कमी सोडलं तर टोपी धरत नाही, जास्त सोडलं तर ठोकताना वाकतं.

तुमची सूचना पाळली जाते आहे. चिंच-मिठाचा हात दोन मिनिटं आणि लगेच भरपूर पाणी, लगेच कोरडं फडकं. आंबट अंगावर वाळू दिलं तर डाग पडतात आणि पुढे हिरवा कळंक धरतो. नावावर चिंचही नाही, नुसतं कोरडं सुती कापड. लॅकर नाही. लॅकरला एक ओरखडा गेला की त्या फटीतून हवा शिरते, खाली काळी रेघ पसरते आणि मग सगळा थर थिनरने उतरवावा लागतो. त्याऐवजी मेणाचा अगदी पातळ हात.

घंगाळ दाराशी आहे, लाकडी तिवईवर, खाली बुडाला आधार देणारी गोल चुंबळ. गोल बुडाचं भांडं सपाट फळीवर ठेवलं की सगळा भार एका टिकलीएवढ्या जागेवर येतो, आणि वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. काचेच्या टीपॉयवर हे मांडणाऱ्यांची काळजी वाटते. पाण्यात झेंडूच्या पाकळ्या असतात, पण पाणी रोज उपसलं जातं आणि आठवड्यातून एकदा भांडं घासून कोरडं होतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि ती भांड्याच्या काठाला चिकटतात. नुसतं पाणी बदलून जात नाहीत. झाड लावायचं झालं तर बुडाला भोक पाडायचं नाही, आत कुंडी ठेवायची, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत.

तुमच्या आळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. अडकित्ते, दिवे, फणी-करंड्याच्या पेट्या, स्वयंपाकघरातली भांडी: लोकांनी टाकून दिलं असतं असं सगळं एका माणसाने वेचून आणलं, पुढे राज्य सरकारच्या हवाली केलं, आणि त्याला नाव दिलं ते अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. तिथल्या काचेच्या कपाटांपुढे उभं राहिलं की तुमचं कॅलेंडरचं पान आठवतं. दुसऱ्याच्या घरातलं माणूस आपल्या हातून पुसलं जाऊ नये, एवढी साधी माणुसकी दोन्हीकडे आहे. ती तुमच्याकडे अशी सहज होती की आभार मानल्यावर तुम्ही गोंधळून गेलात.

पानाला चौकट केली आहे. लॅमिनेशन केलं नाही; त्यातलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. पेन्सिल काचेला चिकटून पुसू नये म्हणून कडेने जाड पुठ्ठ्याची पट्टी घालून मध्ये फट ठेवली आहे, आणि उन्हाच्या भिंतीऐवजी ते आतल्या भिंतीवर, घंगाळाच्या बरोबर वर आहे. चौकटीच्या मागे लिहिलं आहे: बुडाची चीर, पितळेचा डाख, दोन कड्यांपैकी डावी नव्याने बसवलेली, तांबट आळी, कसबा पेठ, पुणे. त्यापुढची ओळ कोरी आहे. तुमचं पूर्ण नाव विचारायचं राहून गेलं. गौरी बसल्या की त्यांच्यापुढे हेच घंगाळ असेल. काकूंना घेऊन या, आणि ती ओळ तुमच्या हाताने भरा.

आपली,
घंगाळवाली