पेन कुणाच्या हातात?

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राचं उत्तर राहूनच गेलं, आणि आज लिहितोय तेही उत्तर म्हणून नाही. एक गोष्ट घडली आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळेल असं वाटत नाही. तब्येत ठीक. गुडघा होता तसाच.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे, म्हणजे मुलांना लिहायला मदत करतो त्या आमच्या लेखन-केंद्रात, आली, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडायचं निवेदन घेऊन. नेहमीसारखा तिच्या शेजारी बसलो, पेन तिच्याच हातात राहू दिलं आणि म्हटलं, मोठ्यानं वाच. पहिलंच वाक्य : 'सदर विषयाची निवड करण्यामागे अनेकविध कारणे असल्याचे निदर्शनास येते.' वाचताना तीच अडखळली. विचारलं, 'भाषाविज्ञानच का गं?' तर म्हणाली, 'माझ्या भावाला ऐकू येत नाही. त्याचे हातवारे घरात सगळ्यांत आधी मला कळायला लागले. त्याच्या डोक्यात भाषा कशी असेल, ते मला बघायचंय.'

अंगावर काटा आला रे. म्हटलं, हेच लिही. तर म्हणते, 'असं चालतं? हे तर नुसतं बोलणं झालं.'

चालतं, असं मी तिला स्वच्छ सांगितलं. असल्या निवेदनात वाचणारा काय शोधतो, 'मी' लिहायला हरकत का नाही, सुरुवात कशी करता येते, सगळं सांगितलं. शुद्धलेखनाला हातही लावला नाही. आधी म्हणणं उभं राहू दे, ऱ्हस्व-दीर्घ मागाहून. पण 'मी' लिहिलं की लाल रेघ, हे ती शाळेपासून शिकत आलेली. माझ्या एका बैठकीनं ते थोडंच पुसलं जाणार? शेवटी काकुळतीला येऊन म्हणाली, 'सर, पहिला परिच्छेद तुम्हीच लिहून द्या ना. उद्या शेवटची तारीख आहे. ज्यांच्या घरात शिकलेली माणसं आहेत त्यांना कुणीतरी देतंच की लिहून.'

मी नाही म्हटलं. ती कागद गोळा करून गेली, ती पुन्हा आलेली नाही.

आता तू बाह्या सरसावशील, माहीत आहे. लेखन-केंद्रांवरचा स्टीफन नॉर्थचा १९८४चा लेख मी तुला ऐकवला होता, की आपलं काम लेख सुधारणं नाही, लिहिणाऱ्याला घडवणं आहे. त्यावर तू जेफ ब्रुक्सचं १९९१चं म्हणणं काढलंस, की शिकवणाऱ्यानं कमीत कमी करावं, काम विद्यार्थ्याकडून करून घ्यावं, आणि त्याच्यावरच ओरडलास, 'सगळं काम विद्यार्थ्यानंच करायचं तर तू तिथे कशाला बसतोस?' भरल्या ताटावरून उठला होतास, आणि तात्यानं तुझंही जेवण संपवलं. तुझा मुद्दा मात्र तेव्हाही खरा होता : ज्याला वाटच कुणी दाखवलेली नाही, त्याला नुसते प्रश्न विचारत बसणं हा अन्याय आहे. म्हणून तर मी आता नियम, नमुने, रिवाज हातचं काही न राखता सांगतो. पण भावाचे हातवारे तिला आधी कळले, हे वाक्य मी कसं लिहू? माझ्या हातून ते गुळगुळीत होऊन उतरलं असतं, आणि आपल्याला हे जमत नाही, एवढंच ती शिकली असती. यावर मी ठाम आहे.

तरीही तिचं ते 'ज्यांच्या घरात' मला झोपू देत नाही. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. आणखी चार बैठका मिळाल्या असत्या तर तिनं स्वतःच लिहिलं असतं, याची मला खात्री आहे. पण शेवटची तारीख चार बैठका थांबत नाही, आणि असली मुलं येतात तीच मुळी आदल्या दिवशी, कारण आधी यायचं असतं हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आता पहिल्या वर्षाच्या वर्गांत स्वतः जाऊन सांगणार आहे, की कोरा कागद घेऊन या, कच्चं घेऊन या, पण लवकर या.

तू असतास तर दिलं असतंस लिहून? वाद घालायला म्हणून नको, खरं काय ते कळव.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीची परीक्षा बरी गेली ना? वहिनींना नमस्कार. दाढीवाल्या सरांना भेटलास तर मी आठवण काढली म्हणून सांग. आणि हो, माझी टिपणवही अजून तुझ्याकडेच आहे, ती पाठव. पहिल्या वर्षाच्या वर्गांत जाण्याआधी हवी आहे.

तुझाच,
अण्णा